पेढीवरचे तबक

दारी आलेल्याला गूळपाणी द्यावे ही आपल्या घराची रीत. पेढीवर आलेल्याला पानतंबाखू द्यावी ही व्यवहाराची रीत. साहेबाच्या मेजावर चिरुटांची पेटी असे, आपल्याकडे पानाचे तबक. वस्तू निराळी, हेतू मात्र एकच : आलेला माणूस टेकला पाहिजे आणि बोलणे गोडीने सुरू झाले पाहिजे. 'चिरूट' हा शब्द तरी कुठे विलायतेचा? तमिळमधल्या 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, या शब्दावरून तो इंग्रजीत गेला. आपले कानडी शेजारी तंबाखूला 'होगेसोप्पु' म्हणतात. होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. नाव ठेवावे तर असे!

या पाहुणचाराचा एक जुना दाखला आपल्याच बाजूचा आहे. पोर्तुगीजांनी तंबाखू हिंदुस्थानात आणली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापुरात मिळू लागली होती. बेळगाव तेव्हा आदिलशाहीतच होते. अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला होता. १६०४ च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहासाठी नजराणा म्हणून नेली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली आणि बादशहाने नाद सोडला. पण असद बेगाने बरीच तंबाखू नेली होती. ती त्याने उमरावांना वाटली. ज्याला मिळाली त्याने पुन्हा मागितली, आणि लवकरच व्यापारी ती विकू लागले. १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली, तोवर उशीर झाला होता. आधी फुकट, मग विकत : दुकानदारीचा हा धडा त्या दरबारात पुरता गिरवला गेला.

पुढे निपाणी विडीच्या तंबाखूची मोठी पेठ झाली. माझे वडील तिथल्या एका पेढीवर दिवाणजी होते. स्वतः तंबाखूला शिवत नसत, पण तबकात पान, सुपारी, चुना, तंबाखू आणि विडीचा कट्टा आहे की नाही, हे सकाळी पाहणे त्यांचे काम. मोठा अडत्या आला की तबक पुढे सरके. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही ते मिळे. त्याच्याच शेतातली तंबाखू त्यालाच पाहुणचार म्हणून! मात्र भाव ठरताना त्याचा शब्द कोणी विचारत नसे. तबकाने मान राखला जाई, भाव नव्हे.

ही खंत साठत गेली. १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला होता. कच्च्या मालावरचा तो कर १९७९ मध्ये उठला, तरी शेतकऱ्याचे दुखणे सरले नाही. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. त्या तळाला 'आंदोलननगर' म्हणत. त्यात मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारेही होते. भावाची भाषा दोघांची एकच. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणास मुकले.

शेतकऱ्याला निदान तबक तरी दिसे. वखारीत धुरळ्यात बसून तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांपर्यंत ते कधीच गेले नाही. अनिल अवचटांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांना त्यांचा खोकला ऐकू आला. आम्ही तो गावात राहून ऐकत होतो, आणि त्याला वखारीचा आवाज समजत होतो.

२००३ चा कायदा आला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद ठरली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई अमलात आली. कचेऱ्यांतली रक्षापात्रे गेली, तसा तबकाचाही दिमाख ओसरला. त्याबद्दल कोणी हळहळू नये. राखण्याजोगे त्यात एकच होते, ते म्हणजे आलेल्याला बसवणे. टिळकवाडीतल्या आमच्या शाळेच्या कचेरीत कधी एखादी आजी नातवाच्या दाखल्यासाठी येते आणि दाराशीच उभी राहते. "या, बसा" किंवा "बर्री, कूड्री" म्हटले तरी खुर्चीच्या कडेवरच टेकते. तिला नीट टेकून बसावेसे वाटेल, तेव्हा आपल्या पाहुणचाराचा इतिहास थोडा पुढे सरकला असे म्हणता येईल.