मांजरा : लातूरची जीवनवाहिनी

मांजरा ही गोदावरीला उजव्या तीराने मिळणारी प्रमुख उपनदी होय. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाट डोंगररांगेत गवळवाडीजवळ तिचा उगम होतो. सुमारे ७२४ कि.मी.च्या प्रवासात ती महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणातून वाहते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३०,८४४ चौ.कि.मी. आहे.

प्रवाहाची दिशा हे या नदीचे वैशिष्ट्य. बीड, धाराशिव व लातूर जिल्ह्यांतून पूर्व-आग्नेयेस वाहत ती बिदर जिल्ह्यात शिरते. तेलंगणात संगारेड्डीच्या परिसरात मोठे वळण घेऊन ती उत्तरवाहिनी होते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून पुढे जात कंदकुर्ती येथे गोदावरीस मिळते.

धाराशिव जिल्ह्यात उगम पावणारी तेरणा ही तिची महत्त्वाची उपनदी. प्राचीन काळी 'तगर' नावाने ख्यात असलेले व्यापारी नगर, आजचे तेर, याच नदीकाठी वसले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेला किल्लारी परिसरही तेरणेच्याच खोऱ्यातला. तावरजा, रेणा व घरणी या लातूर जिल्ह्यातील लहान उपनद्या होत. बिदरमधील कारंजा, तर नांदेडकडील लेंडी व मन्याड याही मांजरेलाच मिळतात.

केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणावर लातूर शहराची तहान अवलंबून आहे. खालच्या बाजूस नागझरी, साई आदी ठिकाणी बंधारे आहेत. तेलंगणात १९३१ मध्ये पूर्ण झालेले निजामसागर व त्यानंतरचे सिंगूर ही धरणेही याच नदीवर आहेत.

पर्जन्यछायेतील या खोऱ्यातील उपनद्या मुख्यतः पावसाळी आहेत. सलग दोन-तीन पावसाळे हुकले की धरण कोरडे पडते. २०१६ मध्ये हेच घडले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली आणि कृष्णेच्या पाण्याने गोदावरी खोऱ्यातील शहराची तहान भागविली. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने धरण भरले. सप्टेंबर २०२१ मध्ये तर धरणाचे दरवाजे उघडावे लागले व नदीकाठच्या शेतांत पाणी शिरले. टंचाई आणि पूर या दोन टोकांत सापडलेल्या मांजराकाठी, भरल्या वर्षीचे पाणी जपून वापरणे हीच दुष्काळाची खरी तयारी ठरते.