प्रवेशस्तरीय करार (नॅशनल हॉकी लीग)

प्रवेशस्तरीय करार हा उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेत नवोदित खेळाडूला करावा लागणारा पहिला करार होय. त्याची मुदत आणि कमाल वेतन संघ व खेळाडू यांच्या वाटाघाटीवर सोडलेले नसून, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक कराराने ठरवलेले असते.

इतिहास

१९९३च्या ड्राफ्टमध्ये ओटावा सेनेटर्सने अलेक्झांडर डेग या खेळाडूची पहिल्या क्रमांकावर निवड केली. एनएचएलमध्ये एकही सामना न खेळलेल्या डेगला पाच वर्षांसाठी सुमारे १ कोटी २२ लाख डॉलरचा करार मिळाला. नवख्यांच्या वाढत्या वेतनावर अंकुश ठेवण्याची संघमालकांची मागणी यामुळे बळावली. १९९४-९५च्या टाळेबंदीनंतर झालेल्या सामूहिक करारात नवोदितांसाठी वेतनमर्यादा आली. तरीही बोनसच्या मार्गाने या मर्यादेला बगल देता येत असे. २००४-०५चा संपूर्ण हंगाम रद्द झाल्यानंतर झालेल्या करारात बोनसवरही ठोस मर्यादा घालण्यात आल्या.

पात्रता व मुदत

करार होतो त्या वर्षाच्या १५ सप्टेंबर रोजी खेळाडूचे जे वय असेल, त्यावरून कराराची मुदत ठरते.
* १८ ते २१ वर्षे : तीन वर्षे
* २२ व २३ वर्षे : दोन वर्षे
* २४ वर्षे : एक वर्ष

युरोपीय खेळाडूंना वयाच्या २७व्या वर्षापर्यंत एक वर्षाचा प्रवेशस्तरीय करार लागू होऊ शकतो.

वेतन

कमाल वार्षिक वेतन खेळाडूच्या ड्राफ्टच्या वर्षानुसार बदलते. २००५च्या ड्राफ्टसाठी ते ८,५०,००० डॉलर होते. २०११पासून ९,२५,०००, २०२२ व २०२३साठी ९,५०,०००, तर २०२४ व २०२५साठी ९,७५,००० डॉलर झाले. स्वाक्षरी बोनस वार्षिक रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. गोल, गोलसाहाय्य, पुरस्कार इत्यादींसाठी कामगिरी बोनस स्वतंत्रपणे देता येतो. हे करार द्विस्तरीय असतात. म्हणजे खेळाडूला दुय्यम लीगमध्ये पाठवल्यास त्याला तेथील कमी दराने वेतन मिळते.

मुदत पुढे सरकणे

करार करताना १८ किंवा १९ वर्षांचा असलेला खेळाडू त्या हंगामात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला, तर ते वर्ष मुदतीत धरले जात नाही व करार एक वर्ष पुढे सरकतो. त्यामुळे तरुण खेळाडूला नऊ सामने खेळवून पाहायचे आणि दहाव्यापूर्वी कनिष्ठ संघाकडे परत पाठवायचे की नाही, हा संघासाठी महत्त्वाचा निर्णय ठरतो.

परिणाम

करार संपल्यावरही खेळाडू पूर्णपणे मुक्त होत नाही. संघाने ठरलेल्या किमान अटींवर नवा प्रस्ताव दिल्यास त्याच्यावरील हक्क संघाकडेच राहतात. लवादाकडे दाद मागण्यासाठीही साधारणपणे आणखी अनुभव लागतो. त्यामुळे उत्तम खेळणाऱ्या नवोदिताकडून संघाला त्याच्या बाजारमूल्यापेक्षा पुष्कळ कमी वेतनात सेवा मिळते, आणि वाचलेली रक्कम वेतनमर्यादेच्या आत राहून इतर खेळाडूंवर खर्च करता येते. एडमंटन ऑइलर्सचा कॉनर मॅकडेव्हिड २०१६-१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याचे मूळ वार्षिक वेतन, बोनस वगळता, ९,२५,००० डॉलरच्या मर्यादेतच होते. २०१७ मध्ये त्याने केलेला पुढील करार आठ वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा होता.