नवाबातला नायब

वारज्याहून चांदणी चौक, ताम्हिणी, माणगाव करत मुरूडला जाणाऱ्यांच्या तोंडी ‘जंजिरा’ हे एका किल्ल्याचे विशेषनाम असते. मुळात ते सामान्यनाम. अरबीत ‘जझीरा’ म्हणजे बेट. अल्जीरिया या देशनामाच्या मुळाशीही तोच शब्द आहे. मराठीत आल्यावर बेटापेक्षा बेटावरचा किल्ला मोठा ठरला. म्हणून जुन्या कागदांत ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे उल्लेख आढळतात.

खरी गंमत जंजिऱ्याच्या मालकाला लागलेल्या दोन शब्दांत आहे. ‘सिद्दी’ हा शब्द अरबी ‘सय्यिदी’वरून आला, असे मानतात. त्याचा अर्थ ‘माझे धनी’. ‘नवाब’ मात्र ‘नायब’चे अनेकवचन, आदरार्थी वापरलेले. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. तहसील कचेरीतल्या नायब तहसीलदारांचा ‘नायब’ तोच. म्हणजे एकच माणूस नावाने धनी आणि किताबाने हाताखालचा!

इतिहासानेही हेच केले. निजामशाही, आदिलशाही, मग मुघल आणि शेवटी इंग्रज अशा छत्राखाली सिद्दी राहिले. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून किल्ल्याला भिडण्याचा प्रयत्न केला, तरी जंजिरा हाती आला नाही. किल्ला पडला नाही, पण वरचा धनी बदलत राहिला. अजिंक्य असणे वेगळे आणि सार्वभौम असणे वेगळे.

‘सार्वभौम’ शब्दात ‘सर्वभूमी’ आहे, साऱ्या पृथ्वीवरची सत्ता. त्याखालचा तो ‘मांडलिक’, एका मंडळापुरता राजा. आज आपण म्हणतो ‘स्वायत्त’. या शब्दातला ‘आयत्त’ म्हणजे अधीन. स्वायत्त म्हणजे स्वतःच्या अधीन. स्वातंत्र्याच्या इतक्या जवळच्या शब्दातही अधीनतेची गाठ सुटलेली नाही, आणि ते अर्थाला धरूनच आहे. डेन्मार्कच्या छत्राखालच्या फेरो बेटांना 1948 मध्ये स्वशासन मिळाले, ग्रीनलंडला 1979 मध्ये. शाळा, मासेमारी, कर यांचा कारभार त्यांचा. संरक्षणाची जबाबदारी कोपनहेगनची. न्यूझीलंडशी जोडलेली कुक बेटे 1965 पासून स्वतःचा कारभार पाहतात, पण तिथल्या लोकांचे नागरिकत्व न्यूझीलंडचे.

फेरो बेटांना स्वशासन मिळाले, त्याच 1948 साली जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात गेले. त्या बदलाला मराठीने दोन शब्द वापरले. सरकारी शब्द ‘विलीनीकरण’, म्हणजे विरघळून जाणे. लोकांच्या तोंडचा शब्द ‘खालसा’. तोही अरबी, अर्थ निव्वळ; म्हणजे मध्यस्थाविना थेट सरकारी मुलूख. एकात निघून जाणाऱ्याची बाजू आहे, दुसऱ्यात घेणाऱ्याची.

वारजेकरांना या कुळातला तिसरा शब्द ठाऊक आहे: ‘समाविष्ट’. ग्रामपंचायतीचे हे गाव 1997 मध्ये पुणे महापालिकेत आले आणि ‘समाविष्ट गाव’ झाले. ग्रामपंचायत काय आणि महापालिका काय, दोन्ही ‘स्थानिक स्वराज्य संस्था’च. पण इथल्या ‘स्वराज्या’च्या अलीकडे ‘स्थानिक’ आहे आणि पलीकडे ‘संस्था’. अधिकाराची हद्द त्या दोन शब्दांनी आखली आहे.

म्हणून एखादे बेट, प्रांत किंवा परिषद ‘स्वायत्त’ झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा काय मिळाले याबरोबर काय वरच्याकडे राहिले तेही वाचा. राजकीय दर्जा त्या दुसऱ्या यादीत कळतो.