रिकचं घराणं

भारतीय युद्धातून बाहेर राहिलेले दोन योद्धे महाभारताने नावानिशी सांगितले आहेत: बलराम आणि विदर्भाचा रुक्मी. बलरामाने भीम आणि दुर्योधन दोघांनाही गदा शिकवलेली. हा संहार बघवणार नाही म्हणून तो सरस्वतीकाठच्या तीर्थांना निघून गेला. रुक्मी, म्हणजे रुक्मिणीचा भाऊ, सैन्य घेऊन पांडवांकडे आला आणि अर्जुनाला म्हणाला, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुनाने त्याला वाटेला लावलं. मग तो दुर्योधनाकडे गेला, तिथेही तेच. बलराम परतला तो थेट शेवटच्या गदायुद्धाला, आणि मांडीवरचा घाव पाहून नांगर उगारून धावला तो भीमाच्याच अंगावर. हा मनस्वी, एकटा वीर ऐन वेळी पांडवांच्या मदतीला आला असता तर कीर्तनकारांची केवढी सोय झाली असती! व्यासांना तो मोह पडला नाही. ‘इलियड’मधला अकिलिस रुसून बसतो आणि अखेर शस्त्र उचलतो हे खरं, पण तो मुळात ग्रीकांच्याच गोटातला. रुसवा निघणं वेगळं आणि बाजू घेणं वेगळं.

आपल्याला पडद्यावरून ओळखीचा झालेला एकांडा शिलेदार, कुणाच्या भानगडीत न पडणारा, पैशाचीच भाषा बोलणारा आणि शेवटी नायकांच्या बाजूने उभा राहणारा, त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. इतका, की त्याची जन्मकुंडली मांडता येते.

१९३८ च्या उन्हाळ्यात मरे बर्नेट नावाचा अमेरिकन शिक्षक बायकोसह व्हिएन्नाला गेला होता. ऑस्ट्रिया नुकताच हिटलरने गिळला होता आणि तिथल्या ज्यूंची पळापळ त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे दक्षिण फ्रान्समधल्या एका नाइटक्लबात त्याला नाना देशांची गिऱ्हाइकं आणि एक कृष्णवर्णीय पियानोवादक भेटला. १९४० मध्ये जोन ॲलिसनबरोबर त्याने नाटक लिहिलं, ‘एव्हरीबडी कम्स टू रिक्स’. निर्माता मिळेना. ते वॉर्नर ब्रदर्सच्या कचेरीत वाचायला आलं ८ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरवर बॉम्ब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. कंपनीने ते २०,००० डॉलरना घेतलं आणि नाव बदलून ठेवलं ‘कॅसाब्लांका’.

ही तारीख नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. १९३५ पासून अमेरिकेने तटस्थतेचे कायदे एकामागून एक केले होते. युरोपची भांडणं युरोपने निस्तरावीत, हे तिथलं जाहीर धोरण होतं. १९४१ च्या सप्टेंबरात सिनेटच्या एका उपसमितीने हॉलिवूडलाच बोलावून विचारलं होतं, की तुम्ही चित्रपटांतून देशाला युद्धात का ढकलता? हॅरी वॉर्नरला तिथे साक्ष द्यावी लागली. तीनच महिन्यांत प्रश्न निकालात निघाला. कॅसाब्लांकात दारूचा गुत्ता आणि जुगार चालवणारा, कुणासाठीही आपली मान अडकवणार नाही असं सांगणारा अमेरिकन रिक हा तेव्हा एकटा इसम राहिला नव्हता. तो आख्खा देश होता. कथेचा काळही पटकथाकारांनी डिसेंबर १९४१ ठरवला आणि पात्रांकडून तो वदवून घेतला, म्हणजे प्रेक्षकाच्या नजरेतून निसटायला नको.

नाटकातला रिक बायकोमुलांपासून तुटलेला वकील आहे. चित्रपटातल्या रिकच्या मागे मात्र वेगळी पूर्वपीठिका आहे: १९३५ मध्ये इथिओपियाला बंदुका पोचवलेल्या, १९३६ मध्ये स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढलेला. माझ्या मते या घराण्याची खरी गुरुकिल्ली इथे आहे. रिक कधी तटस्थ नव्हताच. पॅरिसमध्ये प्रेयसी इल्साने सोडल्यावर तो तसा झाला. त्यामुळे त्याचं बदलणं म्हणजे मूळपदावर येणं, आणि प्रेक्षक ते मुकाट्याने स्वीकारतो. रिकच्या गुत्त्यात जर्मन अधिकारी आपलं गाणं गात असताना नाझीविरोधी चळवळीतला लास्लो, म्हणजे इल्साचा नवरा, वाद्यवृंदाला फ्रान्सचं राष्ट्रगीत ‘मार्सेयेज’ वाजवायला सांगतो. वादक रिककडे बघतात. रिक नुसती मान हलवतो. शेवटी विमानतळावर रिक जी बाजू घेतो, ती सगळी त्या होकारात आहे. त्या प्रसंगातले कितीतरी नट खरोखरच नाझींपासून पळून आलेले होते. नाझी मेजर स्ट्रासर झालेला कॉनराड फाइटसुद्धा जर्मनी सोडून आलेला. चित्रपट २६ नोव्हेंबर १९४२ ला न्यूयॉर्कला लागला, तेव्हा दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरून तीन आठवडेही झाले नव्हते.

नंतर साचा चालू लागला. १९४४ मध्ये हम्फ्री बोगार्टनेच ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मध्ये मार्टिनिकचा तसलाच नावाडी केला. १९६१ च्या ‘योजिंबो’त कुरोसावाचा रोनिन दोन्ही टोळ्यांना तलवार विकायला निघतो, पण एका बाईला तिच्या घरच्यांकडे पोचवण्यात त्याचं बिंग फुटतं. आपल्या ‘शोले’तले जय-वीरू ठाकूरकडे भाडोत्री म्हणून येतात आणि त्याचे हात कुणी तोडले हे कळल्यावर पैसे नकोत म्हणतात.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलो या घराण्यातला सर्वांत लाडका, पण जरा वेगळा. जॉर्ज लुकसच्या एका जुन्या खर्ड्यात तो हिरव्या कातडीचा, कल्ले असलेला प्राणी होता. पडद्यावर आला तो कर्जबाजारी तस्कर. त्याच्यामागे ना स्पेन, ना इथिओपिया. भाडं ठरवतो, बक्षीस घेतो, ऐन लढाईच्या आधी निघून जातो आणि मग परत येतो. म्हणूनच तो आधी किती स्वार्थी होता, हे नीट दिसणं त्याच्या बाबतीत रिकपेक्षाही गरजेचं आहे. मद्यालयात वसुलीला आलेल्या ग्रीडोला तो टेबलाखालून गोळी घालतो, ते याचसाठी. लुकसने १९९७ च्या आवृत्तीत ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली आणि चाहते खवळले. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो, पण चाहत्यांचं बरोबर होतं: सुरुवातीपासूनच सज्जन असलेल्या माणसाचं परत येणं कुणाला हवंय? २००४ मध्ये दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच वेळी सुटू लागल्या. २०१९ मध्ये प्रसंगात पुन्हा फेरफार झाला आणि मरण्याआधी ग्रीडोच्या तोंडी कुणालाही न कळणारा एक शब्द आला.