नवसागराचं कूळ

बिदरी कामाचा विषय निघाला की बिदरच्या किल्ल्यातल्या मातीचं कौतुक होतं. ऊन-पावसापासून वर्षानुवर्षं आडोशाला राहिलेली ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. कौतुक रास्तच आहे. पण त्या मातीत जो नवसागर कालवतात, त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. माती एकटी काळा रंग देत नाही, म्हणून ही कुळकथा नवसागराची.

आधी त्याचं काम पाहू. बिदरीचा धातू म्हणजे साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं. ओतलेली सुरई किंवा हुक्क्याचं बूड कानशीने गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो, नक्षीची रेघ दिसू लागते. मग छिन्नीने खोदायचं आणि चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. वस्तू पुन्हा घासली की धातू आणि चांदी जवळजवळ एकाच करड्या-पांढऱ्या रंगाचे दिसतात आणि एवढी मेहनत नजरेआड होते. शेवटी वस्तू हलकी तापवून तिला माती, नवसागर आणि पाणी यांचा लेप लावतात. जस्ताचा धातू काळाभोर होतो, चांदी तशीच चकाकत राहते. वरच्या थरातलं जस्त या लेपाने खाल्लं जातं आणि तांब्याचा अंश मागे राहून काळी साय धरते. सोळा भागांमागे एक असलेलं ते तांबं नसतं, तर हा काळा रंगही नसता. वरून तेलाचा हात फिरवला की वस्तू तयार. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता नाव. नवसागरात सागर कुठेच नाही. फारसीत तो नौशादर, हिंदीत नौसादर. आपल्या जिभेने त्या अनोळखी शब्दाला ओळखीचं रूप दिलं. कन्नडमध्येही तो नवसागरच. १ नोव्हेंबर १९५६ला जुना बिदर जिल्हा भाषेनुसार वाटला गेला. उदगीर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात आले; भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. दुकानातल्या बरणीवरचं नाव मात्र दोन्हीकडे एकच राहिलं.

संस्कृत रसग्रंथांत त्याला नवसार म्हणतात, आणि चूलिकालवणही. ‘रसरत्नसमुच्चया’त त्याच्या दोन जन्मकथा आहेत: करीर आणि पीलूची लाकडं जळताना मिळणारा क्षार, आणि विटा भाजताना सापडणारं पांढुरकं मीठ. मला दुसरी फार महत्त्वाची वाटते, कारण विटांच्या भट्टीत शेण जळतं, आणि इजिप्तमध्येही तो शेण जाळून उरलेल्या काजळीतूनच काढत. तिथल्या आमोन देवाच्या नावावरून युरोपने त्याला ‘आमोनचं मीठ’ म्हटलं. १७७४ साली रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी नवसागर आणि चुना एकत्र तापवून निघालेला झणझणीत वायू गोळा केला. त्यालाच पुढे अमोनिया हे नाव मिळालं. त्यातल्या हायड्रोजनच्या जागी कार्बनचा गट बसवला की अमाइन होतं. १८४९ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी अशी काही अमाइन्स तयार केली. कृत्रिम रंगांचं ॲनिलीन त्याच कुळातलं, आणि शिळ्या मासळीचा वासही त्याच कुळातल्या एका वायूचा. नवसागर स्वतः अमाइन नव्हे, पण या सगळ्या घराण्याचं आडनाव त्याच्यापासून आलं.

त्याचा स्वभाव एकच: तापला की फुटतो. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात, थंड हवेत पुन्हा जुळतात आणि पांढरा धूर दिसतो. कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकतो, तेव्हा त्यातला आम्ल वायू तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खातो आणि कथील भांड्याला धरतं. तोच वायू डोळ्यांना झोंबतो, घशात जातो. भांडं साफ करणारा आणि छाती जाळणारा धूर एकच आहे. म्हणून कल्हई उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करूनच व्हायला हवी.

घरात किंवा दुकानात नवसागर असेल तर तो घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत ठेवावा. तो ओल धरतो आणि पत्र्याचा डबा खातो. चुन्याजवळ ठेवू नये. ब्लीचिंग पावडरशी तर त्याची गाठ कधीच पडू देऊ नये, त्यातून विषारी क्लोरामाइन वायू निघतो. डोळ्यात कण गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. हातभट्टीच्या रसायनात तो टाकणारे आहेत. तो पोटात घालायची वस्तू नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं.

बिदरीचा कारागीर हा लेप हाताने लावतो, लहानशा खोलीत बसून, रोज. त्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या, एक बाहेर हवा फेकणारा पंखा आणि कारागिराच्या हातात रबरी मोजे, एवढी तरतूद खरेदी करणाऱ्या संस्थांनी आणि सरकारने प्रत्येक कारखान्यात करून द्यावी.