महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

महाराष्ट्र शासनाची, गरीब कुटुंबांना रुग्णालयात दाखल होऊन रोख पैसे न भरता उपचार मिळवून देणारी योजना. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, नांदेड, मुंबई यांसह ८ जिल्ह्यांत ती ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली. सध्याचे नाव २०१७ चे.

सुरुवातीला पिवळे वा केशरी रेशनकार्ड हीच पात्रतेची खूण होती. पुढे मराठवाडा व विदर्भातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र कार्डधारक शेतकरीही सामावले गेले. हा निर्णय मोलाचा, कारण शुभ्र कार्ड असलेला कोरडवाहू शेतकरीही एका शस्त्रक्रियेत कर्जबाजारी होतो. कुटुंबामागे वार्षिक दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ मध्ये ते ५ लाखांपर्यंत वाढवण्याचा आणि राज्यातील सर्व कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय झाला. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे.

अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ कागदपत्रे तपासतो. रुग्णालय उपचारांची पूर्वमंजुरी मागते आणि खर्चाची रक्कम थेट त्यालाच मिळते. हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार, भाजणे अशा खर्चिक उपचारांवर भर आहे. मात्र बाह्यरुग्ण तपासणी आणि रक्तदाब-मधुमेहाची रोजची औषधे बहुतांशी बाहेरच राहतात, आणि गरिबाचा पैसा महिन्यामागून महिने झिजतो तो तिथेच. ही योजनेची सर्वांत मोठी उणीव होय.