जेरघाटातील पाऊलखुणा

छिंदवाडा जिल्ह्याच्या जुन्या सरकारी दप्तरांत या मुलखाचे दोन भाग केलेले आढळतात. सातपुड्याच्या माथ्यावरचा तो बालाघाट आणि घाट उतरल्यावर नागपूरच्या मैदानाला जाऊन भिडणारा तो जेरघाट. (पूर्वेकडच्या बालाघाट जिल्ह्याशी या नावाची गल्लत करू नये.) फारसीत ‘बाला’ म्हणजे वर आणि ‘जेर’ म्हणजे खाली, ‘जेरीस आणणे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके म्हणजेच हा जेरघाट. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या दप्तरातली रेघ अशा रीतीने पुन्हा नकाशावर उमटली.

या प्रदेशात अजिंठा नाही, रायगड नाही. नागपूरहून इटारसीकडे जाणारा प्रवासी पांढुर्णा स्थानकावर क्षणभर खिडकीबाहेर पाहतो आणि पुढे जातो. महाराष्ट्राच्या इतिहासलेखकांना हा भाग सीमेपलीकडचा वाटतो, तर मध्यप्रदेशाच्या लेखकांना तो एका कोपऱ्यातला. अशा दुहेरी उपेक्षेमुळे येथील स्थळांविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही. वस्तुतः नागपूर आणि जेरघाट यांची नावे एकत्र घेण्याची प्रथा हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा पुरावा तांब्यावर कोरलेला आहे.

वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा एक ताम्रपट सापडला. त्याचा काळ शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. नागपूर-नंदिवर्धन या विभागातील एक गाव ब्राह्मणाला दान दिल्याची ही सनद आहे. नागपूर हे नाव लेखात येते ते येथे, सुमारे साडेसातशे वर्षांनी वसलेल्या शहराच्या कितीतरी आधी. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा सांगताना ‘कंदना’ नदी आणि ‘मोहमग्राम’ ही नावे आली आहेत. अभ्यासकांनी त्यांची ओळख कन्हान नदी आणि सौंसर तालुक्यातील मोहगाव अशी पटविली आहे. आणखी एक सीमा असलेले ‘वध्रिर’ म्हणजे मोहगावजवळचे बेरडी असे ते मानतात. दान दिलेले गाव कोणते याचा शोध वाचकाने नकाशा पुढे घेऊन खुशाल करावा. सीमेचा दगड झालेले मोहगाव मात्र अद्याप नांदते आहे.

आजचे मोहगाव हवेली सर्पा नदीच्या काठी आहे. येथील अर्धनारीश्वराचे शिवस्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध असून दैत्यगुरू शुक्राचार्यांनी येथे तप केले, अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला गर्दी लोटते. त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की, आपण ज्या गावात उभे आहोत त्याचे नाव एका सम्राटाच्या सनदेत आले आहे. गावाच्या वेशीवर याविषयी चार ओळींचा फलक लावणे कोणत्याही ग्रामसंस्थेला अवघड नाही.

मोहगावनंतरचा मोठा अध्याय घाटावर घडला. त्यासाठी जेरघाट सोडून सिल्लेवानीच्या डोंगररांगेकडे चढावे लागते. छिंदवाडा जिल्ह्याच्या मोहखेड तालुक्यातील देवगडचा किल्ला ही गोंड राजांची राजधानी. येथे पूर्वी रणसूर व घनसूर हे गवळी राजे होते, आणि जाटबा नावाच्या पराक्रमी तरुणाने लाकडी तलवारीने त्यांचा वध करून राज्य मिळविले, अशी दंतकथा आहे. लाकडी तलवारीवर विश्वास ठेवावा की न ठेवावा, जाटबा मात्र निःसंशय ऐतिहासिक पुरुष होय. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याचा उल्लेख केला असून दोन हजार घोडदळ, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असे त्याचे बळ नोंदविले आहे.

गडावर आज नगारखाना, कचेरीचे अवशेष आणि ‘मोतीटाके’ नावाचा जलाशय दिसतो. बांधणीवर मुसलमानी वास्तुशैलीची छाप स्पष्ट आहे. पायथ्याच्या देवगड गावात एकेकाळी आठशे विहिरी आणि नऊशे बारवा होत्या, असे लोक सांगतात. आकडा लोककथेचा आहे. परंतु झाडोऱ्याखाली गाडल्या गेलेल्या अनेक बारवा अलीकडच्या वर्षांत रोजगार हमीच्या कामांतून उपसून काढण्यात आल्या, तेव्हा या लोककथेत अगदीच तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. देवगडापासून थेट नागपूरपर्यंत भुयार आहे, हीदेखील येथली जुनी समजूत. भुयार कोणी पाहिलेले नाही. देवगड आणि नागपूर यांच्यामधला मार्ग मात्र खरा होता, आणि त्या मार्गाने एक संपूर्ण राजधानी खाली उतरली.

राजधानी उतरविण्याचा आरंभ बख्त बुलंदने केला. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन, इस्लाम स्वीकारून त्याने आपले राज्य टिकविले आणि १७०२ च्या सुमारास मैदानातल्या लहान लहान वाड्या एकत्र करून नागपूर शहर वसविले. त्याचा वारस चांद सुलतान हा कायमचा नागपुरास राहिला. १७३९ मध्ये तो वारल्यावर वली शाहने गादी बळकावली, तेव्हा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले. रघूजींनी वली शाहचा काटा काढून राणीच्या मुलांना गादीवर बसविले, आणि पुढे भावाभावांत कलह माजताच १७४३ मध्ये कारभार आपल्या हाती घेतला. मदतीला बोलाविलेला पाहुणा यजमान होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातही विरळ. गोंड राजांना नामधारी मान राहिला. सत्ता भोसल्यांची झाली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले.

या सर्व उलथापालथीत सत्ता डोंगरावरून मैदानात गेली. मराठी भाषा मात्र मैदानातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत येऊन स्थिरावली. भोसल्यांचा कारभार, कापसाची शेती, नंतर संत्र्याच्या बागा आणि नागपूरची बाजारपेठ यांनी तिला येथे धरून ठेवले. बंगाल-नागपूर रेल्वेची नागपूर–छिंदवाडा ही अरुंद मापाची गाडी सौंसर, रामाकोना करीत धापा टाकत घाट चढे. ती २०१५ च्या अखेरीस बंद झाली व तिची जागा रुंद मार्गाने घेतली. प्रवास सुखाचा झाला, हे खरे; तरी त्या छोट्या गाडीचे एखादे जुने स्थानक जसेच्या तसे जतन केले असते, तर तेही आज पाहण्यासारखे स्थळ ठरले असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तोवर नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती. एका रात्रीत ती परराज्यात गेली. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हा येथील क्रम तेव्हापासून पक्का झाला. तेव्हापासून या भागातील मराठी ग्रंथांचे कपाट ही केवळ वाचनाची सोय राहिली नाही. जे शाळेत शिकविले जात नाही ते येथे टिकवावे लागते.

श्रद्धास्थानांपैकी सर्वांत अधिक यात्रेकरू येतात ते सौंसर तालुक्यातील जामसावळीला. पिंपळाखाली पहुडलेल्या स्थितीतील हनुमान हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य. मूर्ती पूर्वी उभी होती, चोर तिच्याखालचे धन उकरू लागले तेव्हा देव आडवा झाला, अशी आख्यायिका आहे. २०२३ मध्ये येथे ‘हनुमान लोक’ या भव्य बांधकामाचे भूमिपूजन झाले. चोरांपासून धन राखणाऱ्या देवाभोवती दगडी भव्यता उभी करताना त्या पिंपळाची सावली राखली जावी, एवढीच अपेक्षा.

पांढुर्ण्याचे नाव मात्र दूरवर पोचले ते गोटमारीने. पोळ्याचा दुसरा दिवस, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. त्याच दिवशी नागपुरात मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात आणि काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. जाम नदीच्या पात्रात मात्र पळसाचे झाड रोवून त्यावर ध्वज लावतात, आणि एका तीरावरून पांढुर्णा व दुसऱ्या तीरावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. ध्वजासह ते झाड कोणत्या बाजूने हस्तगत केले, यावर हारजीत ठरते. शेवटी ते चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होते. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोन्हीकडून दगड आले आणि दोघे पात्रातच मेली, ही तिच्या उगमाची कथा सर्वतोमुखी आहे. भोसल्यांचे सैनिक नदीकाठी दगडफेकीचा सराव करीत, अशी दुसरीही एक कथा सांगतात. दोहोंपैकी एकीलाही लेखी आधार नाही. शब्द मात्र आपली साक्ष देतो: ‘गोटा’ आणि ‘मार’ दोन्ही शुद्ध मराठी.

या दिवशी दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे डोळे गेले आहेत, प्राणही गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले; लोकांनी चेंडू बाजूला सारले. परंपरा आहे म्हणून सारे सोसावे, असे म्हणणाऱ्यांनी हिमालयाकडे पाहावे. उत्तराखंडातील देवीधुरा येथे रक्षाबंधनाच्या दिवशी वाराही देवीपुढे अशीच ‘बग्वाल’ खेळली जाते. २०१३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने दगडांना मनाई केली आणि फळे-फुले वापरण्याचा पायंडा पडला. दगड तेथून पूर्ण गेले असे नव्हे. पण देवी कोपली नाही, यात्राही मोडली नाही. गोटमारीत जपण्याजोगे आहे ते पळसाचे झाड, नदी, दोन गावांचे नाते आणि त्या दोघांची कथा. मुलाचा डोळा गमावून ते जपावे लागत असेल, तर ते जपणे नव्हे.

बाहेरून येणाऱ्याने म्हणूनच प्रतिपदेला दुपारी नदीकाठी उभे राहू नये. पोळ्याच्या सायंकाळी सजविलेले बैल पाहावेत, चंडीमातेचे दर्शन घ्यावे आणि सावरगावच्या बाजूने पांढुर्ण्याकडे एकदा पाहावे. देवगडसाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. तेव्हा पावसाने मोतीटाके भरलेले असते आणि गवत अजून हिरवे असते.